डोळ्यातून घशात

हल शहरातला डोळ्यांचा दवाखाना, एप्रिल.
गॅरेथनं घरून फाइलचं कव्हर आणलं,
कापलं, दोन भोकं पाडली
आणि टेपनं चिकटवलं स्लिट लॅम्पला.
इकडे मी, तिकडे पेशंट,
मध्ये ते कव्हर. एका वितीचं अंतर.
इतकं जवळ माणूस एरवी
बाळाच्या तोंडाशी जातो, नाहीतर नवऱ्याच्या.

नाक झाकलं. तोंड झाकलं.
डोळे कसे झाकणार, कामच त्यांचं.

'इथून शिरतो का तो?' ब्लेंकिनबाईंनी विचारलं.
वय एक्याऐंशी, निम्मा जन्म गोदीवर
हॅडक चिरण्यात गेलेला.
मी म्हटलं, नक्की कुणालाच माहीत नाही.
शिरत असावा.
मग त्यांच्या पापणीत थेंब सोडला,
थोडी थांबले.
घशात कडू लागतंय?
'लागतं की. दर वेळी लागतं.'
हाच तो रस्ता, म्हटलं.
नाकाकडच्या कोपऱ्यात भोक असतं, तिळाहून बारीक,
तिथून नाकात, नाकातून खाली.
आसवं रोज याच वाटेनं उतरतात,
आपल्याला पत्ता नसतो.

आमच्याकडे साथ आली की म्हणायचे, डोळे आले.
जणू आधी नव्हतेच.
बाकाबाकावर लाल, चिकट पोरं
आणि मराठीच्या बाई ओरडायच्या,
बघू नका गं तिच्याकडे, बघितलं की येतात.
ते खोटं, हे मला मेडिकलला कळलं.
इतकी वर्षं हसत आले त्यावर.
यंदा हसू येत नाही.

'रॉनला नेलं तेव्हा
मला काचेतूनसुद्धा बघू दिलं नाही,'
ब्लेंकिनबाई म्हणाल्या, हनुवटी टेकलेलीच होती.
मी कापूस पुढे केला.
त्यांनी घेतला नाही.
थेंब खालच्या कागदावर पडला,
त्यावर एक गोल उमटला.
मी कागद फाडला, पिशवीत टाकला, नवा लावला,
सगळं पुसून घेतलं.
माझ्या कानाकडे बघा, म्हटलं,
आता वर. आता खाली.

संध्याकाळी, सायरंगी फोनबूथपाशी
सिग्नलला थांबले असताना
डावा डोळा चुरचुरला.
हात स्टिअरिंगवरच ठेवले, दोन्ही.
हिरवा झाला. मागे कुणीच नव्हतं.
घशात खारट काहीतरी आलं,
गिळलं,
आणि गिअर टाकला.