खळ

डॉक्टरांनी भात तोडला तेव्हापासून
माशेलच्या आमच्या रांधणीत
किसणीवर फ्लॉवर.
चिमूटभर मीठ, दोन वाफा.
लांबून भातच.

हे वर बांगड्याचं हुमण ओततात.
हुमण थांबत नाही,
तेफळं तेवढी वर ठेवून
थेट ताटाच्या बुडाशी जातं.
"उकड्यावर कसं बसायचं," म्हणतात,
आणि गप्प जेवतात.
चाळीस वर्षं सोसायटीत
गावाचा तांदूळ मापलेला माणूस.

साखर उतरली. एकशे तीस.
मी देवापुढे साखरच ठेवली,
मग लगेच उचलली.

अकराच्या पेजेची वाटी पालथी आहे.
काल सुती साडी धुतली
आणि खळीला पेज शोधत राहिले.
शेवटी फ्लॉवरचंच पाणी घातलं.

दोरीवर लोंबली नुसती,
ह्यांच्या सैल झालेल्या शर्टाशेजारी.