चव-नोंद

वहीत चार रकाने: तारीख, पदार्थ, रुची, सही.
छपाई कन्नडमधली,
पण रुची हा शब्द दोन्ही भाषा एकाच ताटातून खातात,
त्यामुळं तो रकाना मला पहिल्याच दिवशी कळला.

पोरांच्या आधी अर्धा तास
एका बाईनं चार घास खायचे
आणि आपण जिवंत असल्याची सही करायची.
सहा वर्षं मी लिहीत गेले, चांगली.
उप्पीट गोळा होऊन पळीला चिकटलं तेव्हा, चांगली.
सांबारातून ताटाचा तळ दिसायचा तेव्हाही.
तळावर कोरलेलं, कै. गुंडू सातेरी गावडे यांच्या स्मरणार्थ.
पहिलीतला भरमा त्या सांबारातूनच
अक्षरं जुळवायला शिकला.
गुं, डू. मग भात कालवायचा.

एकदा खानापूरहून साहेब आले.
पंगतीपुढं वाकून मायेनं विचारलं,
‘ऊटा आत?’
आणि आख्खी पहिली ताटं धरून उभी.
‘ऊठ म्हणाले, उठलो की,’ भरमा म्हणाला.
साहेब हसले. मी पण.
शेरा पडला, शिस्त उत्तम.
जेवण झालं का, हे विचारायचं
तेवढं राहून गेलं.

मग जानेवारीतल्या एका गुरुवारी
का कोण जाणे, मी लिहिलं: पातळ.

नागव्वाला वाचता येत नाही.
यल्लूबाईनं तिला ते वाचून दाखवलं,
बहुतेक दोनदा.
दोन दिवस माझ्या पुढ्यात ताट नुसतं ठेवलं गेलं,
‘घ्या बाई’ शिवाय.
तिसऱ्या दिवशी ती चौथीच्या वर्गात शिरली,
डाळीचं माप माझ्या टेबलावर आपटलं.
‘नोड्री! माझा हात काय बघता, ह्येचं बूड बघा.’

बुडाला आत गेलेला पोचा, लिंबाएवढा.
कधी पडलं, कुणाच्या हातून, कुणालाच आठवेना.
दर मापाला एक लिंबू डाळ कमी,
रोज, सहा वर्षं.
गणित मीच शिकवते.
फळ्याकडं पाठ होती, खडू हातात होता,
पण हा गुणाकार मी केला नाही.

यल्लूबाईनं वरवंटा आणला.
आतून तीन घाव. पोरं मोजत होती.
दुसऱ्या दिवशी डाळ रात्रीची भिजलेली,
शाळेमागच्या शेवग्याचा पाला,
फोडणी शेवटी, झाकण लगेच,
हे नागव्वाला आधीपासून येत होतं,
पण पाण्याला कोण फोडणी घालतं?

भरमा ताटाकडं बघत बसला.
‘बाई, नाव गेलं की!’
नागव्वा पळी घेऊन तशीच वाकली,
तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,
‘खा रे. खाल्ला की खाली घावतंय.’

त्या दिवशी रकान्यात काय लिहावं सुचेना.
चांगली हा शब्द मी वापरून वापरून
त्याचं बूड आत घातलं होतं.
मी लिहिलं: दाट. भरमानं दोनदा मागितली.
दोनदा मागितली, हे रकान्यात मावलं नाही,
सहीवर गेलं.

आता खरी गोष्ट.
चोवीस तारखेला डाळीचं पोतं संपलं.
महिना अजून सात दिवस उभा.
म्हणजे पोतं पहिल्यापासूनच अपुरं येत होतं,
आणि ती तूट इतकी वर्षं
त्या लिंबाएवढ्या खड्ड्यात गुमान बसत होती.

कागद आलाय. खुलासा मागितलाय,
मुदतीआधी साठा संपण्याचं कारण काय.
उत्तर कन्नडमध्ये हवं.
यल्लूबाई म्हणते, उंदीर लिहा, सगळे उंदीरच लिहितात.
नागव्वा काही बोलत नाही.
तिनं माप घासून
माझ्या टेबलावर पालथं ठेवलंय,
सपाट बूड वर करून.

मी सांगते, तू ऐक, बरोबर वाटलं तर मान हलव:
माप सरळ केलं. पोतं तोलून बघा.