कोल्हा पाटीपासून पुढं

कोल्हा पाटी सोडली की सुरू व्हायचा.
टक् नाही, खट् नाही.
पंगतीत दाताखाली बारीक खडा यावा
आणि जेवणारानं काही बोलू नये, तसा.
चाळीसच्या खाली गप्प.
पंचेचाळीसला बोलायचा. साठला म्हणे पुन्हा गप्प होईल,
पण या रस्त्यावर साठ कोण करतंय.

वायरमन माणूस मी. फॉल्ट शोधायचा पगार घेतो.
अकरा केव्हीच्या लाइनीखाली रात्री चिखलात उभा राहून
कुठल्या खांबावरचा इन्सुलेटर तडकलाय
ते निस्त्या चरचरीवरून सांगतो.
आणि ढुंगणाखालची गाडी सांगता येईना.

आधी चेन कसली.
मग चेनकव्हर. मग नंबरप्लेट,
तिच्यामागं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.
टूलबॉक्समधले पाने तान्ह्या पोरासारखे फडक्यात गुंडाळले.
खिशातली चिल्लर टपरीवर शिवलिंगअप्पाकडं ठेवली,
म्हणलं, आल्यावर नेतो.
हेल्मेट घालून ऐकलं, काढून ऐकलं.
एकदा पुलाच्या उतारावर इंजिनच बंद करून गाडी सोडली.
तरी होता!
म्हणजे इंजिन नाही.
इतका आनंद मला दहावी पास झाल्यावर झाला नव्हता.

"इंजिन नाही," मी म्हणलं.
"डॉक्टर तुम्ही का मी?" म्हणत मुखीदभाईनं
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनवर टेकवलं, डोळे मिटले.
अज्जू रेस देत राहिला.
समोरच्या दुकानातला पिठाच्या गिरणीचा पट्टासुद्धा
तेवढा वेळ हळू फिरल्यासारखा वाटला.
"टॅपेट बरोबर. बेरिंग बरोबर.
गाडीला काही नाही, वायरमनसाब."
हे मी गावोगाव लोकांना सांगत आलोय:
लाइन चांगली आहे, फॉल्ट तुमच्या घरात आहे.

मग तो स्वतः मागं बसला.
पाथरी रोडनं जिनिंगपर्यंत गेलो, आलो.
आवाज नाही.
तो उतरला, मी एकटा गेलो. आला.
अज्जूला बसवलं, हडकुळं पोरगं,
त्याचं वजन ते काय.
तरी नाही.
मुखीदभाईनं विडी पेटवली.
"डबलसीट नहीं बजता. अकेले कू बजता है ये."
आणि खाली बसून मागच्या डाव्या फूटरेस्टला
नखानं टिचकी मारली.

तोच.

पिन झिजलेली. रबर टाचेकडून गुळगुळीत.
"पाय नसला की नाचतंय हे.
घडी करून का ठेवत नाही?"
घडी.
जूनपासून माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.
दोन वर्षं रोज सकाळी पावणेसहाला क्लास,
माझ्या पाठीवर वही टेकवून
प्रणिता मूलद्रव्यं पुटपुटायची,
गाडी खड्ड्यात गेली की एखादं राहून जायचं,
मग पुन्हा पहिल्यापासून.
लातूरला सोडली ती जीपनं: गादी, बादली, टेबलफॅन.

"मागं कोण बसतं?" त्यानं विचारलं.
"कुणी नाही."
त्यानं फूटरेस्ट वर दुमडून ट्यूबची पट्टी आवळली,
दोन गाठी मारल्या. वीस रुपये.

कोल्हा पाटी आली. गेली.
चाळीस. पंचेचाळीस.
नुसतं वारं.
चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.
शिवलिंगअप्पाकडची चिल्लर मात्र राहिलीच.

दिवाळीला ती पाटीवरच उतरली, परभणीच्या यष्टीतून.
बॅग मी टाकीवर घेतली, ती मागं बसली,
आणि पायानं चाचपत राहिली.
"पप्पा, हे काय बांधून ठेवलंय?"
"आवाज यायचा."
"कशाचा?"

खिशात टेस्टर होता. पक्कड, सुट्टी म्हणून, घरी.
नखानं सुटेना,
मग सडकेच्या कडेला गुडघे टेकून
दातानं गाठ सोडवत बसलो.
यष्टी हलली नव्हती अजून.
खिडकीतली माणसं बघत होती.