फट

किनाऱ्यावर पहाटे पाचला एर्सिलिया माकूळ विकते,
तिच्या कमरेइतकं, तांबूस, अजून रंग बदलणारं.
मला बघून शेजारच्या टोपलीवालीला ओरडून सांगते,
"आली प्रयोगशाळेची बाई! हिला खायचं नसतं,
हिला नुसता दोरा हवाय."

खरंच, मला दोराच हवा असतो.
शिजलेल्या शेवईएवढा एक मज्जातंतू,
खाऱ्या पाण्यात आणखी काही तास जिवंत.
टोचलं की पडद्यावर रेघ उसळते आणि पडते.
बाहेरचं सोडियम आत घुसतं,
आतलं पोटॅशियम बाहेर पडतं,
पुढच्या बोटभर अंतरावर तेच, मग त्याच्या पुढे.
धावत कुणीच नाही, नुसती दारं उघडत जातात.
अकरा वर्षं मी ही दारं मोजतेय.
दोरा संपला की माझं कामही संपतं.

मार्चमध्ये तिच्या पापण्या दुपारनंतर उतरू लागल्या.
नवरा म्हणाला, झोप कमी पडते.
टोपलीवाली म्हणाली, दारू.
सुरी हातातून निसटायची,
हसू ओठांवर अर्ध्यात अडकायचं.
"सकाळी मी असते," ती मला म्हणाली,
"दुपारी माझी बहीण येऊन बसते."
तिला बहीण नाही.

सान आंतोनियोच्या दवाखान्यात
डॉक्टर ओयार्सूनना द्यायला तिनं मासा नेला होता,
बादलीत, बर्फात घालून.
त्यांनी मासा बाजूला ठेवला,
मूठभर बर्फ रबरी मोज्यात भरून
तिच्या डाव्या डोळ्यावर धरला.
दोन मिनिटं. खोलीभर माशाचा वास.
मोजा काढला, तर डावी पापणी वर,
उजवी होती तिथंच.

रात्री तिनं मला विचारलं. तेव्हा पहिल्यांदा
मी दोऱ्याच्या पलीकडचं सांगत बसले:
टोकाशी फट असते गं, केसाहून कितीतरी बारीक,
आणि इथवर आलेली वीज ती ओलांडत नाही.
काठावर कॅल्शियम आत येतं, इवल्या पिशव्या फुटतात,
थेंब पलीकडे जाऊन स्नायूचं दार ठोठावतात.
तुझ्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांनी
ती दारं परक्याची समजून बंद केलीत.
उरलेल्या दारांपाशी थेंब पोचेपर्यंत
एक झाडूवाली ते पुसून टाकते.
गारठ्यानं तिचे हात आखडतात,
थेंब जरा रेंगाळतात, एखादं दार सापडतं.

ती बराच वेळ गप्प.
"म्हणजे निरोप येतोय," म्हणाली,
"मीच उघडत नाहीये."

आता गोळ्या आहेत. दुकान अकराला बंद.
पण संध्याकाळी, निबाल्दोची होडी यायच्या वेळी,
ती धक्क्याच्या पायरीवर डोळ्याला बर्फ लावून बसते,
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं.
मग बर्फ खाली ठेवते
आणि पापणी पुन्हा पडायच्या आत
होडीतली माणसं मोजून घेते.