साय कुठून येते

बाटलीचं बूच निघालं तसा ऑगस्ट बाहेर आला.
ऑगस्टात तू उकळत्या टोमॅटोच्या बाटल्या
कपड्यांच्या टोपलीत, जुन्या रजईत
बाळंतिणीच्या मायेनं गुंडाळून ठेवायचीस.
दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.
तळघरात आता अकरा उरल्यात.
मी मोजतो. मोजू नको तर काय करू.

एतेल्का, ही माझी तिसरी खेप.
पहिल्या रविवारी तळ लागला.
दुसऱ्या रविवारी साय फाटली,
लाल पाण्यावर पांढरी लक्तरं,
फेब्रुवारीत मारोश नदीवर बर्फ फुटून वाहतो तशी.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, डब्यातलं आणा ना.
मी म्हणालो, दारात कुणीतरी आलंय.
दारात कुणी नव्हतं.

आज सगळं तुझ्या हातचं:
आपल्या माकोचा कांदा, अख्खा, न चिरता सोडलेला,
सेलरीची पानं दोऱ्यानं बांधून,
साखर एक चमचा, आणि तू बघत नाहीस म्हणून वर अर्धा.
आधी पळीभर सूप सायीत, मग साय सुपात.
हे मी शिकलो. फुकट नाही शिकलो.
तरी पातळच.
तुझ्या सुपात चमचा सोडला की तो दमानं बुडायचा,
माझ्यात तो उडी मारतो.

कुंपणापलीकडची विल्मा अंडी द्यायला आली,
उभ्या उभ्या चाखली एक पळी,
म्हणाली, छान. पण घेवडा कुठाय?

कसला घेवडा?

ती एकदम गप्प. तोंडात मूग धरल्यासारखी.
भिंतीवरचं घड्याळ बराच वेळ एकटंच बोललं.
मग: पांढरा, आर्पाद. रात्री भिजवलेला.
शिजवून चाळणीतून दाबायचा, सालं कोंबड्यांना.
मूठभर नव्हे, चांगल्या दोन मुठी.
साय ती वरून घालायची, तुझ्या डोळ्यांदेखत,
दाखवण्यापुरती.

आता हे ऐक, ऐकू येत असेल तर.
मी, रेल्वेचा निवृत्त सांधेवाला,
ज्यानं लग्नाआधीच बजावलं होतं
की माझ्या घरात घेवडा शिजणार नाही,
बराकीतली दोन वर्षं ज्यानं
बादलीतला करडा घेवडा सकाळी गिळला, रात्री गिळला,
एकदा त्यात खडा, आणि खड्याबरोबर दाढ,
सासऱ्याच्या पंगतीत वाटी परत पाठवणारा मी,
नाकानं कांदे सोलणारा,
एक्केचाळीस वर्षं घेवडा प्यालो
आणि मिशा पुसून म्हणालो, आणखी एक पळी.

ताकास तूर राहू दे,
सुपास घेवडा लागू दिला नाहीस तू.

शिवणयंत्राखाली तो डबा आहे.
वर तुझं तिरकं अक्षर: बटणं.
शर्टाचं बटण तुटलं की म्हणायचीस,
ठेव तिथं, मी लावते, तू डबा उचकू नकोस.
आज हलवला.
बटणांसारखाच वाजला.

मला रागवायचं होतं.
खुर्चीत नीट बसलोही त्यासाठी.
मग वाडगं घेतलं, डबा ओतला, पाणी घातलं,
त्यात खरोखरचं एक बटण निघालं, निळं,
माझ्या गणवेशाचं,
तेही तसंच भिजू दिलं रात्रभर.

सकाळी दाणे दुप्पट, सालं सुरकुतलेली,
माझ्या हातांसारखी, किंवा तुझ्या, शेवटीशेवटी.
चाळणी फिरवायला दंड लागतो.
तू मला कधी सांगितलं नाहीस की दंड दुखतो.
सांगितलं असतंस तर मी विचारलं असतं, कशानं.

विल्मा समोर बसलीय, रुमाल मांडीवर.
मी चमचा सोडतो.
तो थांबतो जरासा,
आणि मग, घाई नसल्यासारखा, बुडतो.

विल्मा, मी विचारतो, आणखी काय काय?
खसखशीच्या केकमध्ये? रविवारच्या पुरणात?
त्या कोबीत?

ती पाव मोडते. माझ्याकडे बघत नाही.
म्हणते, आर्पाद,
सूप गार होतंय.