चौथा पक्षी

लॅम रोडच्या खोर्शेदबाई रुमालाची गाठ सोडतात
माझ्या काउंटरवर, सराफ बाजारात, दुपारी अडीचला.
आत एक निळा क्रूस.
चार पाती, मध्ये अरुंद, टोकाला फाकलेली,
पात्यांच्या बेचक्यांत सोनेरी गरुड.
तीन.
चौथ्याच्या जागी उखडलेल्या डागाची काळी खूण.

"पप्पा देवळालीत छावणीला पाव पुरवायचे.
चाळीस साल. तारेच्या आत जर्मन लोक.
एकाने हा दिला, दोन पौंड लोण्याच्या बदली.
बोलला, बापाचा हाय. बोलला, खरा सोना."

मी कसोटीवर रेघ ओढते, थेंब टाकते.
रेघ निम्मी पळून जाते.
चांदी आहे बाई. वर मुलामा.
त्या काही बोलत नाहीत. पर्स उघडतात, मिटतात.
लोणी मात्र खरं होतं, म्हणतात.

रात्री जेवण गार होईस्तोवर मी वाचत बसले.
सतराशे चाळीस. प्रशियाचा नवा राजा, वय अठ्ठावीस,
गादीवर बसतो आणि हे पदक काढतो.
वरच्या पात्यावर आपलं आद्याक्षर, त्यावर मुकुट,
आणि उरलेल्या तिघांवर शाबासकी, तीही फ्रेंचमध्ये,
जशी आपल्याकडे शिक्क्यावर फारसी.
घरच्या भाषेत कौतुक केलं की ते कमी वाटतं बहुतेक.
त्या शब्दांचा अर्थ: कर्तबगारीसाठी.
पण जागा पुरली नाही.
अर्धी कर्तबगारी उजव्या पात्यावर,
अर्धी खाली.
असं कोरून आणलं असतं
तर अण्णांनी मला परत भट्टीपाशी बसवलं असतं.

पुढे कुणा राजाने विद्वानांसाठी, कलावंतांसाठी
वेगळा वर्ग काढला. कलावंतांत सोनार येतो का,
ते कुठे सापडलं नाही.
सोळा साली, लढाई लांबली तेव्हा,
सोन्याऐवजी चांदी आली, वर पिवळा हात.
म्हणजे जर्मन खोटं बोलला नव्हता.
त्यालाही ठाऊक नसेल.

आणि एक नियम:
माणूस गेला की पदक सरकारला परत.
पण अठरा साली राजाच देश सोडून गेला.
आता परत करायचं कुणाच्या दारात?
म्हणून ते ट्रंकेत, ट्रंकेतून बोटीत,
बोटीतून तारेच्या आत, तारेतून पावाच्या टोपलीत.

अण्णांनी, मुरलीधर दुसान्यांनी, देवीचा मुखवटा घडवला होता,
अकरा महिने, डोळ्यांत काजळी घेऊन.
त्यावर नाव आहे. देणगीदाराचं.
मी विचारलं होतं, तेव्हा फुंकणी पुसत म्हणाले,
आतल्या बाजूला बघ, हातोडीचे घाव माझे आहेत.

निळा मीना जमला तिसऱ्या भट्टीत.
पहिला जांभळा पडला, दुसऱ्याला बुडबुडे.
गरुड मात्र जमेना.
फोनवरच्या फोटोत ते पंख उचलून उभे,
कुणीतरी हुकूम दिल्यासारखे.
मेणात घडवला, वितळवला. पुन्हा घडवला. कोंबडा झाला.

संध्याकाळी दुकान ओढून गोदेवर गेले.
गाडगे महाराज पुलावरून मासोळीवर झेपावताना
घारीची शेपटी मधोमध चिरलेली दिसते,
आणि वळताना एक पंख खाली झुकतो,
तोल जातोय असं वाटतं. जात नाही.

शुक्रवारी खोर्शेदबाई आल्या, चष्म्यावर चष्मा लावून बघितलं.
"हा चौथा जरा वेगळा हाय ना?"
हो, म्हटलं.
"वाकडा बसलाय."
वळतोय, म्हटलं.
बराच वेळ त्यांनी तो खिडकीकडे धरला.
मग रुमालात बांधला, गाठ दोनदा मारली.

बिल फाडलं:
चांदी, पावणेदोन ग्रॅम. मीना, एक पातं. मुलामा.
पक्षी, एक नग.
कुठला, ते लिहिलं नाही.
शंभर रुपये त्यांनी घासाघीस करून कमी करून घेतले.