परमिट

चौतीस वर्षं मी खांबावर चढलो.
गावाच्या वेशीपासून तलावापल्याडच्या शेवटच्या डीपीपर्यंत
कुठला खांब कलला आहे, कुठल्या अँगलवर कावळ्याचं घरटं,
अंधारातही सांगितलं असतं.
आता अंधारात मला
माझाच पाय कुठं ठेवला आहे, ते सांगता येत नाही.

चप्पल निघून पडते, कळत नाही.
परवा बाजारातून एका चपलेनं परत आलो.
दुसरी डोमाजीच्या नातवानं आणून दिली,
"आबाजी, तुमची चप्पल मिरचीवाल्यापाशी बसली होती जी."

दिवसा पाय म्हणजे दोन पोती,
कोणीतरी गुडघ्यांना बांधून दिलेली.
रात्री मात्र लाइन चालू होते.
टाचेपासून पोटरीपर्यंत,
पावसात फांदी तारेला टेकली की चरचरते, तशी.
चादरीचा काठ लागला तरी ठिणगी.
माघाच्या थंडीत पाय गोधडीबाहेर टाकून झोपतो
आणि सयत्रा म्हणते, माणूस हाये का बगळा.

गावातली लाइट जाते.
माझ्या पायातली जात नाही.

शेकोटीची गोष्ट मुलांना सांगितली नाही.
बसलो होतो पाय पुढं करून, धानाच्या बोनसचं बोलत.
वास आधी सयत्राला आला.
तिला वाटलं, शेजारी कोंबडी भाजून राहिले.

नागपूरचा डॉक्टर पोरगाच, आमच्या नरेशपेक्षा लहान.
टेबलावर प्लास्टिकचा मणका ठेवून म्हणाला,
काका, पाठीत एक बारीक तार टाकू.
कमरेवर, कातडीखाली, काडेपेटीएवढी बॅटरी.
ती थोडाथोडा करंट देत राहील,
म्हणजे पायातला करंट डोक्यापर्यंत पोचणार नाही.
मी हसलो. त्याला वाटलं, समजलं नाही.
"साहेब, वायरमनले तार समजावून रायले तुमी."

मग विचारायचं ते विचारलं.
बॅटरी किती वर्षं? बिघडली तर येणार कोण?
त्यानं न चिडता सांगितलं.
एकाहत्तरावं वर्ष, साखर, जखम भरायला उशीर.
बधिरपण आहे तसंच राहील. दुखणं कमी होईल.
होऊ शकतं, म्हणाला, जरा थांबून.
आधी सात दिवस बॅटरी बाहेर ठेवून पाहू,
नाही मानवलं तर तार ओढून काढू.
आणि रिमोट तुमच्याच हातात.

तिथं मी अडकलो आहे.
खटका कायम दुसऱ्याच्या हातात असायचा.
तीन कोसांवर, सबस्टेशनात कोणीतरी,
आणि मी वर, पट्ट्याला लटकलेला,
एका कागदाच्या भरवशावर.
मन्सारामनंही परमिट घेतलं होतं.
रोवण्याचे दिवस. खाली बांधीत बाया गाणं म्हणत होत्या,
त्या एकदम गप्प झाल्या,
एवढंच आठवतं.

नरेश म्हणतो, करून टाका, पैशाचं मी पाहतो.
डोमाजी म्हणतो, माह्याकडं पाहा, कंबर कापली अन् खाटेवर आलो.
ग्यानीरामनंही कापली होती. तो काही म्हणत नाही,
सायकलवर जातो, घंटी वाजवून.

सयत्राही काही म्हणत नाही.
रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन पायाशी बसते,
तळवे पाहते. काटा, फोड, खडा.
तार जिवंत की मेलेली, नुसतं पाहून कळत नाही,
म्हणून आमचे जुने लोक पालथ्या हातानं शिवायचे.
हे मी तिला कधी शिकवलं नाही.
तीही पालथ्या हातानंच शिवते.
लागते का जी?
नाही.
इथं?
नाही.
इथं?
कधीकधी हाव म्हणतो.
खोटंच.

सोमवारी दवाखान्याचा फोन येईल.
फॉर्म टीव्हीमागं आहे, वीजबिलाखाली.
माझ्या सहीची जागा पाहून ठेवली.
तिच्याखाली सयत्राची, साक्षीदार म्हणून.
ती दोन दिवसांपासून जुन्या वहीत 'त्रा' गिरवते आहे,
मी आलो की वही झाकते.

आज सकाळी सडा टाकता टाकता थांबली,
माझ्या पायांकडं पाहून.
"अजी, एक चप्पल तुमची हाये. दुसरी माही."
पाहिलं.
तशीच घालून मी तलावापर्यंत जाऊन आलो होतो.